सगळ्यांच्या फोल्डरमधली फाइल

शेवटच्या वर्षाला आम्हाला ॲपलेट होतं, म्हणजे वेब पानाच्या आत चालणारा जावाचा छोटा प्रोग्रॅम. नवे ब्राउझर तो चालवत नाहीत. त्यासाठी रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात जुने कॉम्प्युटर राखून ठेवले होते. प्रोग्रॅमने फाइल वाचून पानावर तक्ता दाखवायचा, आणि माहिती स्वतः गोळा केलेली हवी. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्याकडे कसली माहिती असणार? आमच्या हर्णेला बाबा मासेमारीच्या होडीवर जातात. कोणत्या तिथीला, कुठे, किती वाव खोल पाण्यात काय लागतं, ते त्यांनी फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाले, "कोणाला दाखवू नको गो." मासळीची जागा आमच्याकडे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.

म्हणून फाइल मी पेनड्राइव्हमध्येच ठेवली. तीन दिवस पानावर एकच उत्तर येत होतं, परवानगी नाही. मी ओळ न् ओळ तपासली. विचारायची भीड वाटायची. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सरांची सही घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा लॅबच्या मॅडमना विचारलं.

"अगं, प्रोग्रॅम बरोबर आहे तुझा. तो पाहुणा आहे इथे, तुझं कपाट कसं उघडेल? सर्व्हरवरून आलाय, तिथलंच वाचणार. सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाक फाइल."

ते फोल्डर सगळ्या वर्गाला उघडं. वर्गात हर्णेचे आणखी दोघे, दोघांच्याही घरी होड्या. खोटे आकडे टाकावेत असं मनात आलं. पण जर्नलमध्ये 'माहिती खरी आहे' असं मीच लिहून बसले होते.

बाबांना फोन लावून फोल्डरचं सगळं सांगितलं.

"सही नाय मिळाली तर?"

"परीक्षेला बसता येणार नाही."

बाबा हसले. "घाल गो. मासळी काय वाचून गावते?"

फाइल टाकली. तक्ता लगेच आला. सरांनी आकडे वाचलेच नाहीत. तक्ता दिसतोय एवढं पाहिलं, सही केली, "पुढचा" म्हणाले. मी फाइल पुसली आणि तिथेच बसून राहिले. आनंद व्हायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

"बाबा, सही मिळाली."

"बरा झाला. ती काढलीस काय?"

"काढली."

"किती वेळ होती?"

"अर्धा तास असेल."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवायला जरा उशीर केला.