काळ्या पडद्याशी बोलणाऱ्या नोंदणीबाई

रक्त तपासायच्या त्या लॅबमध्ये नोंदणीबाई एकवीस वर्षं खिडकीपाशी बसल्या. कुणाची साखर वाढली, कुणाची सून कसल्या तपासणीला येऊन गेली, सगळं त्यांच्या ओठांवर. पोटात काही ठरायचं नाही, एवढा एक विकार सोडला तर बाई ठणठणीत.

मग लॅबच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची नवी प्रणाली आली. चित्रं गेली, माऊस गेला. उरला काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी रेघ; तिथे कमांड, म्हणजे हुकूम, टाइप करायचा. मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "महिन्याने परीक्षा. जमलं तर खिडकी, नाही तर तळघरात बाटल्या धुवायला."

शिकवायला लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणारा टकलू. दहा वर्षं ज्याला बाईंनी चहा आणायला पिटाळलं, चारचौघांत ज्याच्याकडे बघून "डोळे दिपले हो आज" म्हटलं, तोच.

"बाई, एलएस टाका, फोल्डरात काय आहे ते दिसेल. सीडी टाकलं की आत शिरायचं. ग्रेपने हजार रिपोर्टांतून एक नाव हुडकायचं."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकवायचं. ते येतं मला."

आणि आलंही. फक्त चुकलं की बाई चिडायच्या, आणि चिडल्या की पडद्यावरच बोलायच्या. 'टकल्या, तुझं तळपट होवो.' एंटर. पडदा म्हणायचा, अशी कमांड सापडली नाही. ऐकून घेणारं आणि पुढे न सांगणारं असं कुणी बाईंना जन्मात भेटलं नव्हतं. त्यांनी मन मोकळं केलं. 'मोठ्याला रिपोर्ट वाचता येत नाही, सही तेवढी येते.' एंटर. अशी कमांड सापडली नाही.

टकलू मागे उभा राहून बघायचा.

परीक्षेत बाईंनी फाइली हलवल्या, नावं बदलली, हरवलेला रिपोर्ट चुटकीसरशी काढून दिला. डॉक्टरांनी मान डोलावली. खिडकी वाचली, बाईंनी पदर सावरला.

"सराव किती केलाय तोही बघा, सर," टकलू म्हणाला. "बाई, हिस्टरी टाका."

"हे कुठे शिकवलंस?"

"सोपं आहे. टाका तर."

बाईंनी टाकलं. महिन्याभरात टाइप केलेली ओळन् ओळ, क्रमांकासकट, पडद्यावर चढत गेली. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. वाचता येतं, एवढं तरी सिद्ध झालं.

"पास आहात," ते म्हणाले. "उद्यापासून तळघर."

ते गेल्यावर बाई टकलूकडे वळल्या. "मेल्या, हे पुसता येत नाही?"

"येतं की." टकलूने खुर्ची स्वतःकडे ओढली. "तो पुढचा धडा होता."