एक वाजता उजळणारा हार

हिरा माणसापेक्षा जास्त जगतो, म्हणून गेलेल्या माणसाचं तेज हिऱ्यात उरतं.

हे वाक्य पुण्यातल्या एका हिऱ्यांच्या पेढीच्या भिंतीवर पितळी अक्षरांत लावलेलं आहे, खाली संस्थापकांच्या नावासह. मी ते दुसऱ्यांदा वाचत होते तेव्हा माझ्या पाठीमागे शटर खाली येत होतं. दुपारचा एक वाजला होता.

"मॅडम, दिवे घालवते आता," पेढीवर काम करणारी वैशाली म्हणाली. "खुर्ची धरून बसा. मागे एकीला चक्कर आली होती."

मी रत्नपरीक्षक आहे. रविवार पेठेत माझी छोटी लॅब आहे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर सौंदर्य बघतो. आम्ही खोट बघतो. सवय अशी जडते की लग्नाला गेलं तरी आधी नवरीच्या गळ्याकडे लक्ष जातं, चेहऱ्याकडे नंतर.

त्या पेढीचे मालक श्रीकांतशेठ, घराण्याची तिसरी पिढी. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता.

"मॅडम, आमच्या आजीच्या हारातून उजेड येतो. आपोआप. येऊन बघा आणि दोन ओळी लिहून द्या. हेरिटेज पुस्तिकेत छापायच्यात."

"काय लिहू?"

"हेच, की विज्ञानालाही कोडं पडलंय."

"विज्ञानाला अजून विचारलंय कुठे?"

ते हसले. त्यांना तो होकार वाटला.

शोरूम तीन-चार वर्षांपूर्वी नवी केलेली. जाड गालिचा, भिंतीत कुठेतरी लपवलेलं सुगंधाचं यंत्र, आणि रांगेने मांडलेले काळ्या मखमलीचे गळे. दागिना नीट दिसावा म्हणून या गळ्यांना डोकं नसतं. दिवसा ते लक्षातही येत नाही. एका कोपऱ्यात वेगळ्या काचेच्या कपाटात आजींचा हार. त्यावर भिंतीवर त्यांचा मोठा जुना फोटो: नऊवारी, खोपा, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात तोच हार. संस्थापकांनी घडवलेला पहिला हिऱ्यांचा हार, बायकोसाठी. तिने तो मरेपर्यंत उतरवला नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सरबताबरोबर मिळे.

त्या काचेची किल्ली वैशालीकडे. कात्रजहून येते. रोज सकाळी फोटोला मोगऱ्याचा हार तीच घालते. उजेडाच्या भीतीने दोन मुली नोकरी सोडून गेल्या होत्या.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"घर माझ्या पगारावर चालतं, मॅडम. भीती परवडत नाही."

तिने दिवे घालवले.

अंधार एकदम पडला. बाहेर ऊन रणरणत असताना आत असा अंधार असणं अंगावर येतं. रस्त्यावरचे हॉर्न खूप लांबून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते. आणि समोर, छातीच्या उंचीवर, एक गळा होता.

गळाच म्हणते, कारण दुसरं काही दिसत नव्हतं. निळसर, थंड ठिपक्यांची एक कमान, मधोमध मोठा ठिपका. काच नाही, मखमल नाही, नुसती हवेत तरंगणारी कमान. तेवढ्याने माझं भागलं असतं. पण फोटोच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडलं होतं, बरोबर फोटोतल्या बाईच्या गळ्याशी. तिच्या हनुवटीखाली निळा उजेड साचला होता आणि त्यात तिचा खालचा ओठ दिसत होता.

माझ्या शेजारी वैशाली पुटपुटत नमस्कार करत होती. माझ्या दंडावर काटा आला होता. तो अहवालात लिहायचा नसतो.

मग ठिपके विझू लागले. आधी कडेचे. मधला सर्वांत शेवटी, कोणीतरी डोळा मिटावा तसा.

"रात्री बंद करताना असं होतं?" अंधारातच मी विचारलं.

"कधीच नाही. फक्त दुपारी."

भुतं बाराला निघतात असं लहानपणी ऐकलं होतं. पुण्यात ती एकला, जेवणाच्या वेळी निघत असावीत.

"दुपारी बंद करायच्या आधी हाराचं काय करता?"

"काही नाही. शुद्धी करून परत ठेवते."

"शुद्धी म्हणजे?"

तिने दिवे लावले आणि काउंटरमागची पेटी दाखवली. करोनाच्या काळात दागिन्यांवरचे जंतू मारायला आणलेली, अतिनील किरणांची. करोना गेला, पेटी राहिली. आजींच्या हाराला सकाळभरात गिऱ्हाइकांचे हात लागतात, म्हणून दुपारी तो पेटीतून काढून मगच काचेत ठेवायचा, असा श्रीकांतशेठचा नियम. संध्याकाळी हार थेट तिजोरीत जाई.

माझा काटा बसला. पण त्याच्या जागी दुसरी, धंद्यातली धास्ती आली.

काही दगड अतिनील दिव्याखाली ठेवले की दिवा गेल्यावरही थोडा वेळ उजेड सोडत राहतात. अंधारात चमकणारे घड्याळाचे काटे आठवा. खाणीतले बहुतेक हिरे असं करत नाहीत; काही थोडे करतात. एखादा चमकला असता तर मी थांबले असते. इथे सगळेच चमकत होते. आणि प्रचंड दाब व उष्णता देऊन यंत्रात वाढवलेले हिरे, ज्यांना बाजारात लॅब-ग्रोन म्हणतात, ते हमखास असं करतात. तेही हिरेच. काच नव्हे. फक्त ते आजींच्या वेळी जन्मले नव्हते.

मी सोबत आणलेलं तपासणीचं यंत्र काढलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली हाराची मागची बाजू बघितली. कोंदणांच्या आतल्या अंगाला बारीक, एकसारख्या पायऱ्या होत्या. कॉम्प्युटरवर नक्षी काढून, यंत्राने मेणाचा साचा थरावर थर छापून ओतकाम केलं की अशा पायऱ्या राहतात. हाताने घडवलेल्या जुन्या दागिन्यात त्या नसतात.

वैशाली माझ्याकडे बघत होती. "काय आहे, मॅडम?"

"शेठना बोलवा."

श्रीकांतशेठ केबिनमधून उत्साहाने आले. मी सांगितलं. हिरे लॅबचे, हार नवा. लॅबमध्ये पक्की तपासणी करीन, पण उत्तर बदलेल असं वाटत नाही.

त्यांनी हार हातात घेऊन उलटा करून बघितला. हिरे लॅबचे, हे त्यांनाही नवीन होतं. दुसऱ्या गोष्टीचा धक्का मात्र त्यांच्या चेहऱ्यावर मला सापडला नाही.

मग ते म्हणाले, "म्हणजे बदलला कोणीतरी."

"तसं मी म्हटलं नाही."

"हार नवा आहे, तुम्हीच म्हणालात. म्हणजे मूळ हार काढून कोणीतरी नक्कल ठेवली." त्यांनी वैशालीकडे बघितलं नाही. "किल्ली एकाच माणसाकडे असते."

वैशालीने काउंटरची कड धरली. "शेठ, मी सात पिढ्यांची शप्पथ घेते. मी आजींना रोज मोगरा घालते हो. त्यांच्या समोर मी—"

"पोलीस बघतील. मॅडम, तुम्ही एवढंच लिहा: हार मूळचा नाही."

माझ्या कामाची ही एक मोठी गैरसोय आहे. दगडाबद्दल मी जे खरं सांगते, ते माणसाच्या मानेवर कुठे पडेल हे माझ्या हातात नसतं. हार नवा, हे शंभर टक्के खरं होतं. आणि तेच वाक्य त्या बाईला तुरुंगात घालायला पुरेसं होतं.

"लिहीन," मी म्हटलं. "पण आधी मूळ हाराचं काहीतरी दाखवा. जुना फोटो, जुनी दुरुस्ती, काहीही. नक्कल म्हणायची तर अस्सल कशाशी ताडू?"

"फोटो काय, समोर आहे की!"

तेवढ्यात मागचं दार वाजलं. ड्रायव्हरचा हात धरून एक म्हातारी बाई आत आली. श्रीकांतशेठच्या आई, मालतीबाई. गुडघ्यांमुळे त्या दुकानात येत नसत. नवी शोरूम त्यांनी पाहिलीच नव्हती.

"श्रीकांत, फोन का उचलत नाहीस? पानं वाढून ठेवलीत. आमटीवर साय आली." मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. "कोणी गेलं का?"

वैशालीच बोलली. रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. "आई, आजींचा हिऱ्याचा हार मी चोरला म्हणतात."

"कोणत्या आजींचा?"

"तुमच्या सासूबाईंचा."

मालतीबाई आधी खुर्चीत नीट बसल्या. "सासूबाईंनी जन्मात हिरा अंगाला लावला नाही. हिरा चाटला की माणूस मरतं म्हणायच्या. घरात लहान मुलं, म्हणून हिरा उंबऱ्याच्या आतसुद्धा येऊ द्यायच्या नाहीत. मामंजी तर लोकांचं जुनं सोनं मोडीत घ्यायचे. हिरे आणले ते श्रीकांतच्या वडिलांनी."

"आई, तू घरी चल," श्रीकांतशेठ म्हणाले.

"चल काय? बाईला चोर म्हणतोस, आणि हार कुठला? सांग की."

श्रीकांतशेठ हळूच बोलले, आईशी, लहान मुलासारखे. दुकान नवं करताना जाहिरातवाल्यांनी सांगितलं होतं, हेरिटेज नसेल तर लोक दुसरीकडे जातात. हार श्रीकांतशेठनीच बाहेरून करून आणला होता, आणि करणाऱ्याने हिरे खाणीतले म्हणून सांगितले होते. "पहिले काही महिने माझ्या लक्षात असायचं, आई. नंतर मी पण नमस्कार करायला लागलो. तो उजेड दिसायला लागल्यावर मला वाटलं, आजी खरंच..."

ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. हेच जास्त भीतीदायक होतं.

मालतीबाई आता फोटोकडे बघत होत्या. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"आणि या कोण?"

"आजी म्हणून..." शेठ म्हणाले. "आजीचा फोटोच नव्हता ना घरात. जाहिरातवाल्यांनी जुन्या बाजारातून कुठूनतरी आणला. हार कॉम्प्युटरवर घातला."

"अरे, पण कोण बाई आहे ही?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. वैशाली फोटोपासून एक पाऊल मागे सरकली. तीन-चार वर्षं तिने रोज मोगरा घातला होता, संकटात नवस बोलली होती. आजींना घाबरून दोन मुली पळाल्या होत्या, आणि आजी इथे कधी नव्हत्याच. भिंतीवरून दुसरीच कोणीतरी बघत होती, जिला या घराशी, या हाराशी काही देणंघेणं नव्हतं, आणि जिला कोणी विचारलंही नव्हतं.

मालतीबाईंनी वैशालीला जवळ बोलावलं आणि मुलाला म्हणाल्या, "आधी हिची माफी माग. मग जेवायला चल."

त्यांनी मागितली. त्यांच्या आवाजात पितळी अक्षरं नव्हती.

मी अहवाल लिहिला: हिरे लॅबचे, हार अलीकडचा, बदलल्याची कोणतीही खूण नाही. मालकांच्या निवेदनानुसार हार नवाच करून आणलेला. ती शेवटची ओळ मी त्यांच्या सहीशिवाय सोडली नाही. या धंद्यातला माझा धडा तेवढाच. दगड स्वतःविषयी सगळं सांगतो, पण तो कोणाचा होता हे सांगत नाही. ते माणसाकडून लिहून घ्यावं लागतं.

परवा तिकडे गेले होते. वैशाली नोकरीवर आहे. जंतुनाशक पेटी भंगारात गेली, उजेड बंद झाला. हाराखाली 'परंपरेपासून प्रेरित' अशी पाटी आहे. भिंतीवरचं वाक्य तसंच आहे. फोटोही तसाच आहे, मोगऱ्यासकट.

"उतरवला का नाही?" मी विचारलं.

"शेठ म्हणतात तू उतरव. मी म्हणते तुम्ही उतरवा," वैशाली म्हणाली. "मोगरा मात्र घालते. आजी असत्या तर एकवेळ चुकवला असता. या कोण आहेत माहीतच नाही, मग कसा चुकवायचा?"

मला अजून बोलायचं होतं. पण तिने घड्याळ बघितलं आणि शटरचा हूक हातात घेतला. संस्थापकांच्या काळापासून तपासता येईल अशी एकच परंपरा त्या घराण्यात आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.