पुसलेला सूर
सागाचा भुसा करपल्याचा वास आला की सोलापुरातली ती पत्र्याची खोली आठवते. तिथे यंत्रमागावर काम करणाऱ्या एकाने हौसेने घरीच लाकूड कोरायचं, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन बांधलं होतं. तो वारल्यावर ते मध्येच अडकायला लागलं, म्हणून त्याच्या बायकोने मला दुरुस्तीला बोलावलं. मोटारी चालवणाऱ्या कंट्रोलरमधली त्याची सेटिंग, म्हणजे वेगाबिगाचे त्याने बसवलेले आकडे, मी टिपून न घेताच पुसली, नवी भरली, तरी अडकलंच. दोष निघाला एका सैल वायरचा. ती आवळताच मशीन चाललं. बाई दारात कान देऊन ऐकत राहिली. म्हणाली, "चालतंय की. पण त्येंचं मशीन वळताना गुणगुणायचं. ह्यो आवाज त्येंचा न्हाय." मोटारीचा सूर सेटिंगवर असतो, आणि ती सेटिंग आता कुठेच नव्हती. हल्ली मी प्रत्येक मशीनचे आकडे आधी वहीत उतरवतो. त्या वहीचं पहिलं पान मात्र कोरं ठेवलंय.