काम काही नाही, असंच इंदापूरला

बारामती-इंदापूर भागात सायकल घेऊन नुसतं हिंडायला निघालात, तर किलोमीटर कमी होतात आणि किस्सेच जास्त जमतात. मी सांगतोय ते नव्वदीच्या दशकातलं. तेव्हा सायकल म्हणजे दूधवाला, पोस्टमन आणि शाळेची पोरं. घरी चांगली स्कूटर असलेला माणूस रविवारी पहाटे उठून सायकल मारत गावाबाहेर जातो, तेही कशासाठी तर ऊस, कालवा आणि आभाळ बघायला, हे मान्य करायला एक माणूस तयार नव्हता. एक!

आम्ही तिघं. मी बारामतीत ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवायचो. विलासचं मेडिकलचं दुकान होतं आणि भाऊसाहेब गुरांचे डॉक्टर. पुण्याहून वाकड्या हँडलच्या गिअरवाल्या सायकली आणल्या होत्या. हौस म्हणजे हौस.

आणि माझ्या डोक्यात एकच भूत होतं. बारामतीहून इंदापूरला सायकलवर जायचं आणि सायकलवरच परत यायचं. जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटर. इंदापूर माझी सासुरवाडी, पण तिचा ह्यात काही संबंध नव्हता, शंभरचा आकडा मला गाठायचा होता. ह्या एका गोष्टीला मला कित्येक वर्षं लागली. पाय दुखले म्हणून नाही, ऊन लागलं म्हणून नाही. माणसांमुळे!

*

सुरुवात कोऱ्हाळे बुद्रुकपासून झाली. म्हटलं आधी जवळचं जमवू. थंडीचे दिवस, कालव्यावर धुकं, दोन्ही बाजूला उसाला तुरे आलेले. बोलायचंसुद्धा नाही असं ठरवून आम्ही तिघं खाली मुंड्या घालून सुसाट निघालो. काय सकाळ होती, अजून आठवते.

गावात शिरलो तर पारावरची माणसं उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं रस्त्यात हात आडवा केला आणि टोपी काढली.

"कोण गेलं?"

तेव्हा घरोघरी फोन नव्हते. पहाटे पहाटे माणूस न बोलता सायकल दामटत गावात आला, की तो मयतीचा निरोप घेऊन आला असं समजायची रीत. इथं तर तिघं आलेले. म्हणजे कुणीतरी मोठंच गेलं असणार.

"कुणी गेलं नाही बाबा. आम्ही फिरायला आलोय."

तोवर समोरच्या घरातली एक बाई उंबऱ्यात बसून रडायला लागली होती. तिचा भाऊ बारामतीत दवाखान्यात होता. विलासनं तो कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारलं, कालच त्याची औषधं आपल्या दुकानातून गेलीत आणि तो बरा आहे असं सांगितलं. तिला पटेपर्यंत आमचा चहा झाला, पोहे झाले, ऊन वर आलं, धुकं गेलं.

निघताना तो म्हातारा माझ्यावरच चिडला. "मेलं कोनच न्हाय, तर एवढ्या जोरात कशाला आला?"

*

इंदापूरचा पहिला प्रयत्न केला तेव्हा कारखान्यांचा हंगाम चालू होता. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, मळीचा वास, पाचटाचा धूर. तरी आम्ही भवानीनगर मागं टाकलं, सणसर मागं टाकलं. जंक्शन नावाच्या गावाच्या पुढं जरा पाणी प्यायला थांबलो, तेवढंच चुकलं.

रिकामी ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर समोरून येत होता, तो थांबला. ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी. बारावीला दोनदा केमिस्ट्रीतच गेलेला. तो उडी मारून खाली आला आणि माझ्या पाया पडला.

"सर, तुमी सायकलवर? आन् मी जिता आसताना?"

मी काही बोलायच्या आत माझी सायकल ट्रॉलीत. मग विलासची. मी ओरडलो, "अरे आम्हाला इंदापूरला जायचंय!"

"काय काम हाय, सर?"

"काम काही नाही."

त्यानं माझ्याकडे असं काही बघितलं की मलाच संकोच वाटला. म्हणाला, "काम न्हाय, मग जाताय कशाला? चला घरी."

त्यानं आम्हाला ट्रॉलीत घालून बारामतीला आणून सोडलं. माझ्या घरासमोर हॉर्न वाजवून गल्ली गोळा केली आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, म्हणाला, "बाई, सरांवर जरा ध्यान ठेवा."

*

भाऊसाहेबांचा त्रास वेगळा. गुरांचा डॉक्टर रस्त्यानं चाललाय आणि लोक सोडतील, हे शक्य आहे का? दर वस्तीवर कुणीतरी आडवं यायचंच. "डॉक्टर, म्हैस खात न्हाय." "डॉक्टर, कालवड लंगडती." सणसरच्या पुढं आम्ही कधी वेळेत गेलोच नाही. शेवटी मी वैतागून म्हणालो, "भाऊसाहेब, एक तर तोंड झाकून या, नाहीतर येऊ नका."

पुढच्या रविवारी ते तोंडाला रुमाल, डोळ्याला काळा गॉगल, डोक्याला कानटोपी घालून आले. एप्रिलमध्ये कानटोपी! त्यांची सख्खी आई ओळखणार नाही असा अवतार. आणि खरंच, वस्त्यांमागून वस्त्या गेल्या, कुणी हाक मारली नाही. मी मनात म्हटलं, आज इंदापूर.

लासुर्ण्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एक गाय चरत होती. आम्ही जवळ आलो तशी तिनं मान वर केली, हंबरडा फोडला आणि दाव्यासकट खुंटा उपटून उसात पळाली. मागून तिचा मालक पळत आला. आमच्यापुढं उभा राहून धापा टाकत म्हणाला, "बरं झालं भेटलात डॉक्टर. तिला दुसरं इंजेक्शन द्यायचं ऱ्हायलंच हुतं."

भाऊसाहेब रुमालातून चिडून म्हणाले, "मला ओळखलंस कसं?"

"म्या कुठं वळाकलं? तिनं वळाकलं."

गाय उसातून बाहेर काढेपर्यंत दुपार झाली. एप्रिलचं ऊन डोक्यावर आणि कानटोपी भाऊसाहेबांच्या खिशात. आम्ही परत फिरलो.

*

आता पुढचा किस्सा सांगतो, पण त्याचा मला अजून राग येतो.

श्रावण होता. आमच्याकडे पाऊस तसा येतच नाही, आला तर ढगांची सावली येते आणि तीच बघून माणसं खूश होतात. त्या दिवशी मात्र आला. आम्ही शेळगावच्या माळावर होतो. मागं वळून बघितलं तर बारामतीच्या बाजूनं पावसाची अख्खी भिंत चालत येत होती. पुढं माळावर ऊन, मागं काळंभोर, वारा पाठीत. पायडल मारावंच लागत नव्हतं. पहिले थेंब धुळीत पडले, वास उठला आणि आम्ही तिघं बाप्ये हँडल सोडून ओरडायला लागलो. चाळिशीतली माणसं! एवढा आनंद मला पगारवाढीचासुद्धा झाला नव्हता.

तेवढ्यात मागून एसटी आली आणि आमच्या पुढं जाऊन थांबली.

कंडक्टर दार उघडून म्हणाला, "बसा आत. सायकली टपावर टाकतो."

"आम्हाला भिजायचंय."

"बसा हो, तिकीट काढू नका पाहिजे तर."

"अहो, आम्ही मुद्दाम भिजतोय!"

हे ऐकून ड्रायव्हर खाली उतरला. त्याला खात्रीच पटली, की ह्यांना काहीतरी झालंय आणि ह्यांना माळावर टाकून जाणं बरोबर नाही. तो गाडी हलवेना. आतले प्रवासी खिडक्यांतून आम्हालाच शिव्या घालायला लागले. एका बाईचं लेकरू भुकेलं होतं. एकाची इंदापूरला पुढची गाडी चुकणार होती. "बसा की आता, किती भाव खाता!" शेवटी बसलो. आम्ही आत गेलो आणि पाऊस थांबला.

इंदापूर स्टँडवर उतरलो ते रागातच. मी सायकलवर आलो नव्हतो, म्हणजे माझ्या हिशेबी मी आलोच नव्हतो. चिखलानं बरबटलेला असा सासुरवाडीला काय जायचं? सायकली टपावरून उतरवल्यासुद्धा नाहीत. तीच गाडी परत बारामतीला निघाली, तिच्यातच बसलो.

पण सासुरवाडीचं गाव. जावई स्टँडवर आला, टपावर सायकल होती, तोंड फुगलेलं होतं आणि सासऱ्याच्या दारात न येता परत गेला, ही बातमी संध्याकाळच्या आत आबांच्या घरी पोचली. आबा म्हणजे माझे सासरे. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर पुढचं झालं नसतं.

*

पुढच्या वर्षी अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, कपडे करायचे, काहीतरी हातात ठेवायचं. लग्नात मी हुंडा घेतला नव्हता, मानपान घेतला नव्हता, म्हणून आबांना धोंड्यात मला बोलवायची फार हौस.

सुनंदा आदल्या दिवशी एसटीनं गेली. जाताना म्हणाली, "स्कूटरवर या. माणसासारखे या."

मी सायकलवर निघालो. विलास आणि भाऊसाहेब बरोबर होतेच, त्यांनाही आबांचं आमंत्रण होतं. आणि त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, कुणीही अडवलं नाही. वारा पाठीला. अंथुर्णं गेलं, शेळगावचा माळ गेला, निमगाव केतकीचे पानमळे गेले आणि समोर इंदापूर दिसायला लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांनी सायकलवर इंदापूर!

आबा दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सायकलकडे बघितलं. "आलात?" म्हणाले आणि आत गेले. सासूबाईंनी पायावर पाणी घातलं तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. पडवीत एक परका माणूस चहा पीत बसला होता. जेवणं झाली. धोंडे झकास होते.

हात धुतल्यावर आबा माझ्याशेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "पाव्हणं, कंची पसंत हाय?"

"काय?"

"गाडी. मोटरसायकल."

"मला कशाला मोटरसायकल? स्कूटर आहे की."

"जुनी झाली आसंल. आमाला कळतं. मागल्या साली रागावून दारावरनं माघारी गेला. आवंदा ऐन धोंड्यात सायकलवर आला. थोरलं जावई तर चालत आलं हुतं, तवा त्यानला गाडी घिऊन दिली. तुमी लग्नात काय घेतलं न्हाय, तुमचा हक्कच हाय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि घाम फुटला. "आबा, मला काही नको. मी हौसेनं सायकल चालवतो."

"हौसंनं कोन एवढा घामाघूम हुतं?" आबा इकडंतिकडं बघून जवळ सरकले. मग आवाज अजून खाली आणून म्हणाले, "चारचाकी म्हनत आसाल, तर मातर जरा दम धरावा लागंल."

मी नको म्हटलं की ते एक पायरी वर चढत होते! मी भाऊसाहेबांकडे बघितलं. ते मदतीला आले आणि म्हणाले, "आबा, सायकल हृदयाला चांगली असते." झालं. आतून सासूबाई धावत आल्या. "छातीचं दुखनं हाय व्हय वो? आन् आमाला कोन सांगितलं न्हाय?" विलास अजून ताटावरच होता, पाचवा धोंडा खात होता, त्याचा काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात तो पडवीतला माणूस उठला आणि अंगणापलीकडच्या मेंढरांच्या वाड्यात शिरून त्यांच्या पाठी चाचपायला लागला. आबांची ती शेवटची मेंढरं. त्यांचे वडील कळप घेऊन कोकणापर्यंत हिंडायचे. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कळप गेला. एवढी मात्र आबांनी ठेवली होती. कशाला, असं पोरं विचारायची. आबा म्हणायचे, असू द्या. रोज संध्याकाळी त्यांच्यात जाऊन बसायचे.

"आबा, तो कोण आहे?"

"यापारी हाय. मेंढरं बघायला आलाय." आबा तिकडं न बघता म्हणाले.

मी उभाच राहिलो. "अहो नको! काही विकू नका! मला काहीच नकोय!" एवढा ओरडलो की मेंढरं बुजली. आबांना वाटलं जावई अजूनच भडकला. ते हात जोडायला लागले.

तेव्हा सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पुरण तसंच.

"आबा, त्यांना खरंच काही नकोय. त्यांना वेड लागलंय."

"आं?"

"सायकलचं वेड. दर रविवारी जातात. ऊन असो, पाऊस असो. कुठं जायचं नसतं, कुणाला भेटायचं नसतं. जातात आणि परत येतात."

"कवापासनं?"

"कित्येक वर्षं झाली."

"आन् रविवार सोडून?"

"बरे असतात. कॉलेजात शिकवतात."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मी रागानं तोंड उघडलं, पण आबांचा चेहरा सैल व्हायला लागला होता, म्हणून गप्प बसलो. ते उठले, वाड्यात गेले, व्यापाऱ्याच्या हातातलं मेंढरू सोडवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. न्हाय द्यायची." मग तिथंच मेंढरांत बसले, पाठ आमच्याकडं करून.

तीनच्या सुमाराला आम्ही परत निघालो, सायकलवरच. उलटा वारा होता, पण मला त्याचं काही नव्हतं. आबा आम्हाला हमरस्त्यापर्यंत सोडायला आले. माझी सायकल मला धरू देईनात, स्वतः हँडल धरून ऐटीत चालत होते. नाक्यावरच्या हॉटेलात सगळी ओळखीची माणसं. त्यांतल्या एकानं बसल्या बसल्या टोकलंच. "काय आबा, धोंड्याला जावई सायकलवर?"

आबा थांबले आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जावई आमचं जरा येडं हाय. पन मागत काय न्हाय."