काढूया मॅडम, बघूया सर

घाटकोपरला आमच्या मुलांच्या वॉर्डात अठरा वर्षं सिस्टर आहे मी. किस्से साठवावे लागत नाहीत हो, ड्रॉवरमध्ये पेनांची टोपणं साठतात तसे आपोआप साठतात! त्यातले निम्मे आमच्या दोन डॉक्टरांचे. सर्जन मॅडम म्हणजे 'काढूया' आणि छातीचे डॉक्टर म्हणजे 'बघूया'. नावं आम्हीच ठेवलीत, तोंडावर घेत नाही.

*

मे महिन्यात स्टाफरूममध्ये आंब्यांची पेटी आली. एका आंब्यावर काळा डाग. मॅडम म्हणाल्या, "तेवढा भाग कापून टाका." सर म्हणाले, "राहू दे, अजून पिकायचाय." वाद असा रंगला म्हणून सांगू! तोवर आमच्या आयाबाईंनी आंबा चोखून कोय समोर ठेवली.

*

मग आला खारदांड्याचा रुद्र, तीन महिन्यांचा. जन्मापासूनच एका फुप्फुसात नको त्या पिशव्यांचा गोळा. क्वचितच दिसतं असं.

मॅडम म्हणाल्या, "काढूया. उद्या इन्फेक्शन झालं तर जड जाईल."

सर म्हणाले, "पोरगं हसतंय, दूध पितंय. बघूया."

दोघांकडे जाडजूड पुस्तकं आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर! रुद्रची आई बिचारी रडकुंडीला आली. आजी मासे विकणारी, ती पदर खोचून पुढे झाली. "पुस्तकं ठेवा बाजूला. तुमचं पोर असतं तर काय केलं असतं?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "थांबले असते."

सर म्हणाले, "मी लगेच काढून घेतलं असतं."

"घ्या! लागली वाट!" आजी म्हणाली. मला हसू आवरेना, आणि पोराची काळजीही वाटत होती.

*

शेवटी थांबायचं ठरलं, पण दोन महिन्यांनी रुद्र तापानं फणफणून परत आला. इन्फेक्शन नेमकं त्या पिशव्यांतच. औषधांनी ताप उतरला, तसे सर स्वतः म्हणाले, "मॅडम, आता काढूया." आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो.

ऑपरेशनच्या दिवशी याच सरांना पाच मिनिटं दम निघेना. सारखे ऑपरेशन थिएटरच्या दाराशी, "झालं का?" ऑपरेशन एकदम झकास झालं! पोरगं ठणठणीत, आई बॅग भरून तयार, आणि डिस्चार्ज अडवतंय कोण? मॅडम! "अजून दोन दिवस बघूया ना."

*

पुढच्या तपासणीला रुद्रनं असं भोकाड पसरलं, की पूर्ण मजला गोळा झाला. फुप्फुसात दम आलाय म्हणून आजी खूश! तिनं दोन सुरमया आणल्या होत्या. मॅडमना अख्खी दिली. सरांना मात्र साफ करून, तुकड्या पाडून.

"मावशी, माझीच का कापून आणलीत?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला अख्खी दिली, तर नुसते बघत बसाल!"