जून महिन्यातल्या तीन गाठी

भिकनआप्पा गेल्याचं मला शाळेच्या मधल्या सुट्टीत कळलं. त्यांच्या कारखान्यातला वॉचमन सायकल भिंतीला टेकवून आत आला आणि माझ्या उघड्या डब्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, आप्पा गयात." मी विचारलं, कधी? तो म्हणाला, अकरा वाजून दहा मिनिटांनी. टेबलावर कापडाचा ताका पसरलेला होता, आप्पांनी डोकं खाली टेकलं, शेजारच्याला वाटलं की कापडात काहीतरी बारकाईने बघताहेत... इस्पितळातल्या डॉक्टरांनीही सगळ्यांना विचारून तीच वेळ कागदावर लिहिली. वार, तारीख, वेळ, कारण, सगळं एकाच कागदावर आणि सगळं एकमेकांशी जुळणारं. सुरतेच्या लिंबायतमधल्या एका कापड तपासणाऱ्या माणसाच्या मरणाची नोंद इतकी चोख होऊ शकते हे बघून मला रडू यायच्या आधी राग आला. याच माणसाच्या मुलाच्या मरणाला या देशाने चार महिन्यांत तीन वेगवेगळे वार दिले होते.

आप्पा धुळ्याकडचे. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आले, कापडाच्या लूमवर बारा-तेरा वर्षं काढली, एका कानाने ऐकू येईनासं झालं तेव्हा सेठने त्यांना चेकिंगच्या टेबलावर बसवलं. हे टेबल काचेचं असतं, खाली ट्यूबलाइट. वरून कापड ओढत न्यायचं, आणि जिथे धागा तुटलाय, तेलाचा डाग पडलाय, तिथे किनारीला लाल दोऱ्याची एक गाठ मारून ठेवायची. गाठी जास्त झाल्या की ताका सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात गेला. कारागीर समोर उभे राहून आप्पांची मनधरणी करत, एखादी गाठ सोडा म्हणत. आप्पांचं उत्तर ठरलेलं असे, "मी खोट करस नई, दखाडस." मी खोट करत नाही, दाखवतो. खोट सेठच्या नव्या मशीनची असली तर तेही ते तितक्याच थंडपणे दाखवत, म्हणून सेठला ते आवडत नसत आणि सोडवतही नसत. दर रविवारी सकाळी ते माझ्याकडे मराठी पेपर वाचायला येत. वाचताना बातमीखाली बोट ठेवून थांबत आणि विचारत, हे यांनी पाह्यलं का कोणी सांगितलं? मी हसायचो. पेपर वाचण्याची ती काय पद्धत, असं मला वाटायचं. मी पदवीधर मास्तर होतो ना.

त्यांचा मुलगा हिंमत माझा विद्यार्थी. महापालिकेच्या आमच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला, पुढे टेम्पो चालवायला लागला, आणि एके दिवशी फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती होऊन सगळ्यांना पेढे वाटून गेला. या उन्हाळ्यात वर डोंगरावर लढाई पेटली तेव्हा तो तिकडेच कुठेतरी ट्रक चालवत होता. इकडे लिंबायतमध्ये लढाईला नुसता ऊत आला होता. ज्यांनी आयुष्यात नवापूरच्या पलीकडचा डोंगर पाहिला नव्हता ते चहाच्या टपरीवर शिखरं जिंकत होते. रिक्षांना झेंडे लागले. रोज संध्याकाळी टीव्हीवर आपले किती गेले आणि त्यांचे किती गेले ते सांगत, आणि बातम्या संपल्या की त्याच टपरीवर तीच माणसं एकमेकांना डोळा मारून म्हणत, खरा आकडा कुठे सांगतात! सकाळी छाती फुगवायची आणि संध्याकाळी संशय घ्यायचा, दोन्ही फुकटात आणि दोन्ही चहाच्या एका कटिंगवर. मग एका सोमवारी आप्पांकडे तार आली.

तारेत हिंमत आदल्या रविवारी कामी आल्याचं लिहिलं होतं. कुठे, कसा, काही नाही. पेटी परस्पर गावी गेली. आप्पा, त्यांची बायको सुमनवहिनी आणि मी एसटीने पोचलो तेव्हा गावात तीन पक्षांचे झेंडे आणि एक मंडप तयार होता. आप्पांनी पेटी उघडायला सांगितली. पेटीसोबत आलेल्या जवानांनी नम्रपणे सांगितलं, उघडायची नाही, तसा आदेश आहे. आप्पांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा आमच्यातलेच एक पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ पुढे झाले आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आप्पा, वीराचं असं बघत नसतात. या गृहस्थांना वीराचं कसं बघतात हे कोणी शिकवलं होतं कोण जाणे. पंधरा मिनिटांत चिता पेटली, कारण त्यांना पुढे धुळ्यात सभा होती.

दोन आठवड्यांनी छापील पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की हिंमत शत्रूच्या गोळीबारात मंगळवारी धारातीर्थी पडला. म्हणजे तारेतल्या रविवारच्या पाच दिवस आधी. आप्पांनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले. मी म्हणालो, आप्पा, लढाईच्या धांदलीत असं होतं. त्यांनी विचारलं की मग यातलं कोणतं धरायचं, कारण हिंमतच्या आईला तिथी पाहिजे. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं. वहिनींना पोराला पित्तर घालायचं होतं, आणि त्यासाठी तो कोणत्या दिवशी गेला एवढंच हवं होतं.

मला वेळ नव्हता. मी नगरसेवकांच्या सत्कार समारंभाच्या कामात होतो. नाक्यावर हिंमतच्या नावाचा संगमरवरी फलक लागणार होता आणि त्यावरचा मजकूर लिहायचा मान मला मिळाला होता. पत्रातला मंगळवार मी तारखेसकट उचलला. पण नुसतं 'गोळीबारात' हे मला फिकं वाटलं. मी लिहिलं, "शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलत या वीराने मृत्यूला कवटाळले." छाती माझी नव्हती, गोळ्या मी पाहिल्या नव्हत्या, कवटाळणं कुठून सुचलं तेही आठवत नाही. नगरसेवक वाचून म्हणाले, वा मास्तर, अंगावर काटा आला. मला त्या काट्याचा चार दिवस अभिमान वाटत होता.

फलक लागायच्या आदल्या दिवशी दुपारी आप्पा शाळेत आले. हातात हिंमतचं आंतरदेशीय पत्र होतं, फिरत फिरत उशिरा पोचलेलं. अक्षर त्याचंच, माझ्याच वर्गात गिरवलेलं. आईचा स्वेटर मिळाला, बाह्या आखूड झाल्यात, गोळ्यांचे आवाज लांबून येतात, आमचं काम पीठ आणि रॉकेल पोचवायचं, रस्ता फार खराब आहे... आणि वर तारीख होती गुरुवारची. फलकावर तो मंगळवारी मरणार होता. मी पत्र दोनदा वाचलं. आप्पांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही तठे व्हतात का?" तुम्ही तिथे होतात का? मी म्हणालो, आप्पा, आता दगडावर कोरून झालंय. त्यांनी पत्राची घडी केली, खिशात ठेवलं आणि कामावर निघून गेले. पंचवीस वर्षं मुलांना मराठी शिकवल्यावर माझ्या तोंडून निघालेलं हे वाक्य.

समारंभाला आप्पा आले, कारण वहिनींना गाडी पाठवून आणलं होतं. पाच वक्त्यांनी 'नाव हिंमत आणि अंगात हिंमत' ही एकच कोटी पाच वेळा केली, आणि पाचही वेळा टाळ्या पडल्या. कारखान्याचा सेठ आप्पांचे हात धरून म्हणाला, "भिकनभाई, तमे तो शहीदना बाप छो." तुम्ही तर शहीदाचे बाप. हा सेठ एका दिवसाच्या सुतकालाही सुट्टी देताना तोंड वाकडं करायचा. आता त्याला हिंमतचा मोठा फोटो ऑफिसात हवा होता, गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर. वहिनींना शाल दिली. जुलैच्या घामाने सगळे भिजलेले असताना लोकरीची शाल. त्या ती अंगावर घेऊन दीड तास बसल्या, आणि त्या रडत नाहीत म्हणून फोटोवाला वैतागला.

त्यानंतर आप्पांनी माझ्याकडून फौजेच्या कचेरीला तीन पत्रं लिहून घेतली. मी पहिल्या पत्रात नेहमीची फुलं घालायला लागलो, त्यांनी थांबवलं. एकच ओळ लिहा म्हणाले: माझा मुलगा कोणत्या दिवशी आणि कसा गेला. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला उत्तर आलं की नोंदी पडताळून पाहिल्या असून पूर्वी कळवलेली तारीख बरोबर आहे, आणि खाली तारीख दिली होती शनिवारची. पूर्वी कळवलेल्या दोन्ही तारखांत ती नव्हती. 'कसा' या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. हे लिहिणाऱ्या माणसाने पडताळलं काय, हा प्रश्न मला अजून पडतो. बहुतेक आपल्या सहीचं स्पेलिंग पडताळलं असावं. आप्पांनी त्या दिवशी घरातल्या मराठी कॅलेंडरचं जूनचं पान उघडलं, चेकिंगची सुई घेतली आणि मंगळवार, शनिवार, रविवार अशा तीन चौकोनांत लाल दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या. ते पान त्यांनी परत उलटू दिलं नाही. घरात कोणाला तिथी-वार बघायचा असला की जून वर धरून खालून बघत.

टपरीला हे कळलं तेव्हा टपरी खूश झाली. कोणी म्हणालं ट्रक दरीत गेला असणार, कोणी म्हणालं आपल्याच लोकांची गोळी लागली असेल. एक जण तर म्हणाला, पोरगा पळाला असेल, पेटीत दगड असतील. हे लोक आप्पांना आपल्यातलं समजायला लागले, कारण यांचाही सरकारवर विश्वास नव्हता. आप्पा चहा न पिता उठले. फलकवाल्यांना वीर हवा होता, टपरीला भानगड हवी होती, आणि दोघांनाही हिंमत नको होता. आप्पांच्या संशयात मजा नव्हती. तीनपैकी दोन तारखा नक्की खोट्या होत्या आणि तिसरीही खरी असेलच असं नव्हतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ट्रक दरीत गेला असेल तर तसं सांगा, म्हणायचे. पीठ पोचवताना मेलेला माणूस काय कमी मेलेला असतो?

पितृपंधरवडा आला. पहिल्याच वर्षी पित्तर घालावं की नाही यावर लोकांची मतं होती, पण वहिनींना थांबायचं नव्हतं. गल्लीतले गुरुजी आले, मीही होतो. गुरुजींनी जूनमधल्या गाठी पाहिल्या, डोकं खाजवलं आणि मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, तारखेची गरजच नाही. शस्त्राने गेलेल्यांची चतुर्दशी ठरलेली आहे, त्या दिवशी घाला.

आप्पांनी विचारलं, तो शस्त्राने गेला हे तुम्हाला कोणी सांगितलं?

गुरुजी म्हणाले, "नाक्यावरच्या फलकावर लिहिलंय ना. छातीवर गोळ्या झेलत."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. टेबलावर ताका पुढे सरकताना ते जसे बघत तसं पाहिलं, आणि गुरुजींना म्हणाले, "मास्तरले इचारा." मास्तरांना विचारा. गुरुजी माझ्याकडे वळले. मी पंचांग हातात घेऊन उगाच पानं चाळत बसलो...  मग आप्पा वहिनींना म्हणाले की आपण सर्वपित्रीला घालू. ज्यांचा दिवस कोणालाच माहीत नाही, त्यांच्यासाठी अमावस्या असते.

आणि तसंच झालं. ज्याच्या नावाने नाका आहे, ज्याच्या मरणाची तारीख संगमरवरात कोरली आहे, त्याचं पान त्याच्या बापाने बेवारशांच्या दिवशी पत्र्यावर ठेवलं. तांदळाची खीर, उडदाचे वडे, गिलक्याची भजी. आदल्या दिवशी, चतुर्दशीला, नाक्यावरच्या मंडळाने फलकाला हार घालायला आप्पांना बोलावलं होतं. ते गेले नाहीत. कारखान्यात होते, ताके तपासत होते. पत्र्यावर कावळा लगेच आला. त्याला कोणतीही तारीख चालत असावी.

त्यानंतर महिनाभरातच आप्पा गेले. शोकसभेत मंडळाने त्यांना 'वीरपिता' म्हटलं आणि आता नाक्यावर त्यांचंही नाव टाकायचं चाललं आहे. मजकुरासाठी माणूस माझ्याकडेच आला होता. त्याला मी दारातून परत पाठवलं. नगरसेवकांकडे जाऊन म्हणालो, जुन्या फलकावरची ओळ पुसा. ते हसून म्हणाले, मास्तर, तुम्हीच तर लिहिलीत. तेही खरंच आहे. म्हणून जे त्या दिवशी गुरुजींसमोर बोललो नाही ते इथे लिहितो. 'गोळ्या छातीवर झेलत' ही ओळ माझी आहे. मी तिथे नव्हतो. मला ते कोणी सांगितलेलंही नव्हतं.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. कॅलेंडर त्याच खिळ्याला आहे, जूनवरच. आप्पांच्या सुईत अजून लाल दोरा ओवलेला होता. वहिनींनी ती माझ्या हातात दिली, डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला आणि नोव्हेंबरचं पान वर काढून धरलं. म्हणाल्या, "यास्नी तरी एकच गाठ मारा, मास्तर." यांची तरी एकच गाठ. मी कागदावरची तारीख दोनदा वाचली, चौकोन शोधला आणि गाठ मारली. वहिनींनी तिच्यावरून बोट फिरवून बघितलं, मग पानं सोडली, आणि कॅलेंडर पुन्हा जूनवर येऊन थांबलं.