अर्थिंगला पाणी

लोक सकाळी उठून तुळशीला पाणी घालतात. आमचे दाजी लोखंडाच्या पाइपाला घालत. पाथर्डी तालुक्यातलं ते गाव. टँकरची वाट बघत बायका रस्त्याच्या कडेला हंडे मांडून बसायच्या. त्या गावात हा माणूस घरामागं पुरलेल्या पाइपाच्या तोंडात रोज तांब्या रिकामा करी आणि मगच चहाला बसे. गावातले कुणी त्यांना येडा म्हणत, कुणी इंजिनेर म्हणत, आणि दोन्ही शब्द एकाच आवाजात म्हणत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. आमचं गाव काष्टी. तिथं कॅनॉलचं पाणी, ऊस, आठवड्याचा मोठा बाजार. अशा पाण्याच्या गावची पोरगी आम्ही उचलून पाथर्डीकडं दिली ती एवढ्यासाठी, की नवरा मुलगा नगरच्या एमआयडीसीत पर्मनंट होता. पुढं ती कंपनीच बंद पडली. पर्मनंट या शब्दावरचा माझा विश्वास तेव्हा जो उडाला तो उडालाच.

कंपनीत दाजी मेंटेनन्सला होते. गावी परतले ते जीपभर भंगार घेऊन. लिलावातला जुना कॉम्प्युटर, मोडक्या प्रिंटरच्या मोटारी, लोखंडी पट्ट्या, लांब स्क्रू. त्यातून त्यांनी पुढच्या खोलीत एक मशीन उभं केलं. कॉम्प्युटरवर नाव टाकायचं, की मशीनचं टेबल पुढंमागं सरकत पितळेच्या पत्र्यावर ते नाव कोरून देणार. मराठी अक्षरं तर त्यांनी स्वतः चौकटीच्या कागदावर रेघा मारून कॉम्प्युटरला शिकवली होती. 'क्ष' जमला त्या दिवशी अख्ख्या आळीला साखर वाटली. लोकांनी साखर खाल्ली आणि क्ष न बघताच गेले.

त्या मशीनच्या टेबलाच्या दोन्ही टोकांना बोटभर बटणं होती. टेबल कडेला गेलं की बटण दाबलं जातं आणि मशीन थांबतं. याला लिमिट स्विच म्हणतात. दाजींचं मशीन मात्र मधेच थांबायचं. टेबल कडेपासून वीतभर लांब, बटणाला कुणी शिवलेलंही नाही, आणि पडद्यावर मात्र लिमिट लागल्याची खूण. "त्याला भित दिसतीया," दाजी म्हणायचे. "न्हाई तितं भित दिसतीया."

मग सुरू झाली शोधाशोध. स्विच बदलले. वायरी बदलल्या. मोटारीच्या वायरीपासून स्विचच्या वायरी लांबून फिरवल्या, वर जाळीचं वेष्टण चढवलं. मशीन दोन अक्षरं कोरायचं आणि भिंत बघायचं. माझं काष्टीत पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान. मी म्हटलं, दाजी, स्विच भिकार आहेत, चांगल्या कंपनीचे आणा. तर म्हणाले, "स्विच खोटं बोलत न्हाई, पाव्हनं. त्याच्या तोंडून दुसरंच कोनतरी बोलतंय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं राग यायचा.

एकदा रागातच बोललो, "मग त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना बांधून टाका की. स्विचच नसला तर बोलंल कसा?" आम्ही पंपावर असलं सर्रास करतो. दाजींचा चेहरा उतरला. कंपनीत त्यांच्या शेजारच्या मशीनचा स्विच असाच कुणीतरी बांधून ठेवला होता, कामाचा खोळंबा होतो म्हणून. टेबल थांबलं नाही आणि तिथल्या ऑपरेटरचा पंजा गेला. "बांदलेला स्विच मी एकदा बगितलाय," ते म्हणाले. "माज्या घरात न्हाई." तो विषय तिथंच संपला.

खरा चोर सापडला तो अक्कामुळं. नवरात्राआधी तिनं गोधड्या धुवायला काढल्या. त्या वर्षी थोडंफार पाणी होतं. घरामागं अर्थिंगचा, म्हणजे फालतू वीज जमिनीत सोडायचा, पाइप पुरलेला, त्याच्या शेजारच्याच दगडावर तिनं धुणं बडवलं, आणि आत मशीननं न थांबता अख्खी पाटी कोरली. दाजी बाहेर येऊन ओल्या जमिनीकडं बघत उभे राहिले. अक्काला वाटलं, गोधडी वाहून गेली की काय. जमीन सगळी मुरमाड. कोरडी पडली की अर्थिंग मरतं, आणि मोटारीचा सगळा गोंधळ स्विचच्या वायरीत शिरतो. ओल असली की मशीन गुणी पोरासारखं चालायचं.

तेव्हापासून पाइपाची सेवा सुरू झाली. खड्ड्यात मीठ-कोळसा भरला. भांड्यांचं पाणी तिकडं, अंघोळीचं पाणी तिकडं. पण मुरूमच तो, घातलेलं पाणी घटकाभरात गिळून टाकायचा. मशीन चालवायच्या तोंडावरच घालावं लागे. दिवाळीनंतर विहिरी आटल्या आणि घरात रोज भांडण. "पोरान्ला आंगुळीला पानी न्हाई, आन् ह्यांचा पाइप रोज न्हातो," अक्का मला ऐकवायची, म्हणजे दाजींना ऐकू जाईल अशा बेतानं. दाजी हसायचे. उन्हाळा लागला तसं ते हसणंही बंद झालं.

त्यातच तोडीचे मजूर गोळा करणारा मुकादम येऊन विचारून गेला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. "यंदा तुमचा कोयता धरू का?" असं त्यानं दारात उभं राहून विचारलं. अक्कानं जन्मात कोयता धरला नव्हता. दाजींनी मुदत मागून घेतली, कारण नगरचे एक शेठ मशीन बघायला येणार होते. त्यांचं नावाच्या पाट्यांचं दुकान होतं. मशीन पटलं तर दुकानाच्या सगळ्या पाट्या दाजींकडं. नाही पटलं तर कोयता. मधलं काही उरलंच नव्हतं.

शेठ यायच्या दिवशी मीही गेलो होतो. त्या आठवड्यात टँकर फिरकला नव्हता. सगळ्या आळीची भांडी पालथी. अक्कानं कुठून कुठून जमवून एक हंडा भरून ठेवला होता, फक्त पाइपासाठी. पोरांनाही त्याला शिवू दिलं नव्हतं. रोज भांडणारी ती बाई त्या हंड्याला राखण बसली होती.

भर दुपारी जीप आली. शेठ, त्यांचा ड्रायव्हर, वाट दाखवायला घेतलेले दोन पाव्हणे, सगळे धुळीनं माखलेले. ओसरीवर टेकता टेकता शेठ म्हणाले, "वहिनी, आधी पाणी द्या बरं. घसा पार वाळला." माणूस वाईट नव्हता. पाण्याच्या शहरातला होता, एवढंच.

अक्का दारात उभी राहिली. तिनं दाजींकडं बघितलं. तिनं 'पाणी नाही' म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात देव आठवले. दाजी जमिनीकडं बघत म्हणाले, "दे."

तिनं दिलं. चौघं प्यायले, परत मागून प्यायले. मग शेठनी तोंडावर पाणी मारलं, मानेवर घेतलं, अंगणात खळखळून चूळ टाकली. ड्रायव्हरनं पाय धुतले. शेठ, जरा मागच्या पाइपाशी जाऊन हातपाय धुवा, असं मी पुढं होऊन सांगणार होतो. दाजींनी डोळ्यांनीच दाबलं. हंड्यात शेवटी तांब्याभर राहिलं, तेही अक्कानं चहाला घेतलं, कारण पाव्हण्यांना चहा तर हवाच.

मशीन सुरू झालं. शेठचंच नाव कोरायचं ठरलं होतं. पहिलं अक्षर सुरेख उमटलं. शेठ पुढं वाकून बघायला लागले आणि दुसऱ्या अक्षराच्या कान्यावर मशीन थांबलं. दाजींनी परत चालू केलं. परत थांबलं. मी त्यांच्या कानाशी लागलो, "दाजी, एकदाच बांधा. पाटी झाली की सोडा. पाया पडतो तुमच्या." त्यांनी स्विचच्या दोन वायरी सोडवून हातात घेतल्या. टोकं जवळ आणली. शेठ तिथंच, टेबलाच्या कडेवर हात टेकून उभे होते. दाजींनी वायरी परत जागच्या जागी बसवल्या आणि म्हणाले, "आज न्हाई चालायचं, शेठ."

शेठ वाईट बोलले नाहीत. डोकं आहे तुमचं, पण धंद्यात भरवसा लागतो, असं म्हणून जीपमध्ये बसले. दाजींनी पाण्याचं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शेठना घेतलेल्या घोटाची लाज वाटली असती. असल्या माणसाचं काय करायचं, मला आजही कळत नाही. मी त्या दिवशी चहा न पिता एसटी धरली. अर्धं नाव कोरलेली ती पाटी अक्का अजून पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवते.

दिवाळीला अक्का-दाजींचा कोयता तोडीला गेला. हिवाळ्यात मी त्यांना भेटायला कोल्हारकडं गेलो. प्रवरेचा भाग, जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि तोडणीवाल्यांच्या झोपड्यांच्या, कोपींच्या, शेजारून कॅनॉल दुथडी भरून वाहत होता. अक्काच्या हातांना पाचटानं कापलेलं. ती पाणी भरायला गेली आणि हंडा भरून झाल्यावरही पाण्यात हात घालून तशीच बसून राहिली.

"त्या दिवशी तुमी न्हाई म्हनायला पायजे हुतं," ती परत आल्यावर दाजींना म्हणाली. भांडणाच्या आवाजात नाही, नुसतीच.

"दारात आलेल्या मानसाला न्हाई म्हनायचं, आन् लोखंडाला पाजायचं? न्हाई जमलं मला," दाजी म्हणाले.

मी म्हटलं, "दाजी, इथं पाणी आहे. इथं परत उभं करू आपण मशीन." मशीन भंगारवाल्यानं केव्हाच नेलं होतं, हे मलाही ठाऊक होतं.

दाजींनी कॅनॉलच्या कडेची मूठभर माती उचलून दाबली. बोटांमधून पाणी गळालं. "हितं कुटंबी पाइप ठोका, पाव्हनं," ते म्हणाले. "एकबी स्विच खोटं बोलनार न्हाई."

मुकादमानं गाडी भरायला हाळी दिली. दाजींनी हात पाण्यात धुतला, धोतराला पुसला आणि कोयता घेऊन निघाले. अक्का त्यांच्या मागं गेली.